गाऱ्हाणं आणि रोलरची वायर

माजा जन्म पालीच्या वरच्या अंगाला, कातळावरच्या वाडीत. बापूस रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा, आयस डोक्यावरनं खडीच्या पाट्या वाहायची, म्हणजे मी रस्त्यावरच वाढलो म्हणा ना. नाव सीताराम, पण ते आता रेशनकार्डावरच ऱ्हायलंय, सगळी मला मुकादमकाका बोलतात. आमी दोघं भाऊ. मोठा मुंबईला गेला, गणपतीला यायचा तो इस्त्रीची प्यांट घालून, आणि आयस तेच्यासाठी घावणे काढायची, आणि मला सकाळची भाकरी, तू काय घरातलाच बोलायची. काय सांगू तुमाला, तवापास्नं माज्या पोटात दुखायला लागलं ते अजून दुखतंय. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाय. लपवून काय करू? बायको सुमन तोंडावर बोलते, तुमचा जीव दुसऱ्याच्या ताटातच अडकलेला. तेव्हा तुमी लिवताय ना, तर हे पण लिवा.

आता गाऱ्हाणं काय ते सांगतो, ते कळल्याबिगर फुडचं कळायचं नाय. आमच्याकडे कुठल्याही कामाला हात घालायच्या आदी त्या जागेच्या राखणदाराला सांगायचं, देवाला सांगतात तसंच, मोठ्यानं, की बाबा तुज्या शिवेत आमी आलोय, लेकरांची राखण कर. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी मागनं व्हय म्हाराजा म्हणायचं. आमच्या टोळीत ते मी बोलायचो. रोज सकाळी आठाला, घमेली-फावडी हातात घ्यायच्या आदी. वीस-बावीस वर्सं मीच. रस्ता लांज्याचा असो का साखरप्याचा, इंजिनेर कोणी असो, आठ वाजता सगळी माणसं माज्या तोंडाकडे बघायची. तेवढाच माजा मान. शिकलेलो नाय, बंगला नाय, पण चाळीस माणसं मी बोलल्यावर एका सुरात व्हय म्हाराजा म्हणतात, हे माज्या भावाला मुंबईत मिळालं काय? नाय मिळालं.

आणि अपघात झाला की चौकशी पण मीच करायचो. हसू नका. एकाचा हात भाजला डांबरानं, एकदा दरडीचा जांभा सुटून एकाच्या खांद्यावर आला, तेव्हा कंपनीचा माणूस यायचा, कोणाची चूक ते विचारायचा, मग कोणा एकाला घरी बसवायचा. आणि मी नारळ फोडायचो, राखणदाराचा मान द्यायचा ऱ्हायला असंल बोलायचो, आणि काम सुरू. म्हणजे एकाची नोकरी जायची आणि एक नारळ जायचा. जांभा फुडच्या पावसात परत सुटायचा.

मंग आली नजमाम्याडम. सेफ्टीवाली. बुरोंडीची पोर, बापूस मासेमारीचा, ही डिप्लोमा करून आलेली. हेल्मेटखाली ओढणी घट्ट बांधलेली, पायात कामावरचे जाड बूट, उमर म्हणाल तर माज्या धाकट्या लेकीयेवढी. पयल्या दिवशी माज्यापाशी येऊन बोलली, काका, तुमचं गाऱ्हाणं झालं की मला पाच मिनिटं द्याल? आता चारचौघांत नाय कसं बोलू. मी बोललो, द्या की, आमचं काय जातंय. पण जात व्हतं हो. माजं सगळं जात व्हतं.

ती उभी ऱ्हायची आणि पयलं विचारायची, आज कोणाला बरं नाही? एवढंच. आणि माणसं सांगायची! मला ताप हाय, माजी रात झोप नाय झाली, माजा बूट फाटलाय. दुसऱ्या दिवशी ती नवे बूट आणायची. बावीस वर्सांत मी कदी विचारलं नव्हतं, आणि कोणी मला सांगितलं पण नव्हतं. मंग ती सांगायची आज रोलर कुठं चालणार, कोण कुठं उभा ऱ्हाणार, गाडीवाल्यांना झेंडा कोण दाखवणार. आणि ही माजी माणसं, मी हाताला धरून कामाला लावलेली, तिच्याकडे तोंड वर करून बघायची. माज्या छातीत नुसतं करपायचं. घरी जेवताना सुमनला बोललो, ती काल आलेली पोरगी माणसांना नादाला लावते. सुमन बोलली, नादाला लावते का बूट देते? मी ताट सरकवलं.

आता वायरीचं. रोलर मागं यायला लागला की तेचा हॉर्न वाजतो, पीं पीं पीं, मागल्या माणसानं बाजूला व्हावं म्हणून. आमचा रोलरवाला नंदू, माज्या बहिणीच्या गावचा, मीच कामाला लावलेला. सकाळी तो रोलर मागं-फुडं करून लायनीत घ्यायचा नेमका गाऱ्हाण्याच्या टायमाला. मी इकडे बा राखणदारा बोलतोय आणि तिकडनं पीं पीं. एकदा माणसं हसली. माज्या गाऱ्हाण्यात हसली! मी नंदूला बाजूला घेतला नि बोललो, गाऱ्हाणं होईपर्यंत त्या हॉर्नची वायर काढून ठेव, झालं की मी हात करीन, मंग लाव. तेवढी वायर दोन बोटांनी निघायची. तो बरं बोलला. तेव्हापास्नं रोज तसंच चाललं. गाऱ्हाणं संपलं की मी हात वर करायचो, नंदू वायर लावायचा. म्याडमला हे ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम सांगितलंच नव्हतं, माज्या गाऱ्हाण्यात तिला कशाला आणू?

त्या दिवशी गाऱ्हाणं झालं, आणि मी हात करणार तेवढ्यात म्याडम फुडं आली. आमच्यात धोंडू म्हणून एक, रस्त्याच्या कडेची दोरी लावणारा, माज्याबरोबर पंधरा वर्सं, माज्या डबीतला तंबाखू खाणारा माणूस. तिनं धोंडूला विचारलं, लेकीचा पेपर कसा गेला? धोंडू बोलला, म्याडम, पेपर चांगला गेला, पण ती बोलते मास्तर चांगला नाय. सगळी हसली. धोंडूला लेक हाय नि ती परीक्षेला बसली हे मला ठाऊकच नव्हतं. तिला ठाऊक. मला असला राग आला, मी तसाच वळलो नि डांबराच्या गाडीकडे चालायला लागलो. हात केलाच नाय. नुसतं विसरलो बोललो तर खोटं होईल. रागात माज्या डोक्यातनं ते पुसून गेलं, असं लिवा.

अकराच्या सुमाराला धोंडू गुडघ्यावर बसून दोरी वढत व्हता, पाठ रोलरकडे. रोलर मागं आला. हॉर्न नाय. माज्या हाताची वाट बघता बघता नंदूकडनं वायर लावायची ऱ्हायली व्हती, आणि इंजनाच्या आवाजात तेला कळलं नाय की हॉर्न वाजत नाय, आणि धोंडूला कळलं नाय की रोलर येतोय. कोणतरी वरडला म्हणून धोंडू वळला, नायतर माणूसच गेला असता. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

मी काय केलं? नारळ आणला. राखणदाराचा मान द्यायचा ऱ्हायला बोललो, माणसं गाऱ्हाण्याला बूट घालून उभी ऱ्हातात म्हणून झालं बोललो. म्हणजे तो दोष पण म्याडमवरच, बूट तिनंच दिले व्हते ना. ती बाजूला बूट काढून उभी व्हती, नारळ होईपर्यंत.

संध्याकाळी मी रत्नागिरीला दवाखान्यात गेलो. धोंडूची बायको दाराशी बसलेली. तिनं मला पाणी इचारलं नाय. आमच्याकडे वैरी आला तरी पाणी इचारतात. तिला काय ठाऊक नव्हतं, दुःखात व्हती बिचारी, पण मला वाटलं हिला सगळं ठाऊक हाय. मी केळी ठेवली नि आलो.

कंपनीचा सायब बोलला, ड्रायव्हरची चूक, काढून टाका. नंदू एक शबूद बोलला नाय माज्याबद्दल, खाली मान घालून उभा. म्याडम बोलली, सायब, मला तीन दिवस द्या, कोणाची चूक ते नंतर, आधी काय झालं ते बघू. मंग एकेकाला काजूच्या झाडाखाली बसवून, चहा देऊन, विचारायला लागली. मला बोलली, काका, सकाळपासून सांगा, उठलात तिथपासून. मी सगळं सांगितलं, चहा सांगितला, भाकरी सांगितली, वायर सोडून सगळं. ती लिवत ऱ्हायली. मंग बोलली, आमच्या बुरोंडीत होडी मार खाऊन परत आली ना, की सगळे खलाशी किनाऱ्यावर बसतात, दोर कुठं सुटला ते सांगतात. मालक शिव्या देत नाही. शिव्या दिल्या तर फुडच्या खेपेला कोण सांगणार? आणि फुडच्या खेपेला होडीच येणार नाही. मला वाटलं बघा, हिच्या बापसाच्या होडीची गोष्ट पण माज्या गाऱ्हाण्यापेक्षा चांगली. त्या वक्ताला पण मला तेच वाटलं!

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना रस्त्यावर बोलावलं. त्या दिवशी धोंडू बसला व्हता त्या जागेवर चुन्यानं खूण केलेली. बोलली, त्या दिवशी जसं झालं तसंच सगळं करा, पण रोलर चालू करायचा नाही. काका, तुम्ही गाऱ्हाणं घाला, त्या दिवशी घातलंत तसंच.

मी सुरू केलं. बा राखणदारा म्हाराजा, तुज्या शिवेत आमी लेकरं कामाला आलोय. व्हय म्हाराजा. कोणाच्या हातापायाला इजा नको येऊ देस. व्हय म्हाराजा. आवाज बारीक व्हता सगळ्यांचा. आणि मंग ते आलं, रोजचंच, बावीस वर्सं बोललेलं. काय चुकलं-माकलं असंल तर पदरात घे.  मान वर केली तर नंदू रोलरवर बसलेला, हातात ती वायर, आणि माज्याकडे बघतोय. म्याडमनं सांगितलेलं ना, जसं झालं तसंच करा, म्हणून तो माज्या हाताची वाट बघत व्हता. रडत व्हता तो, पण वाट बघत व्हता. मंग एकेक करत सगळी माणसं माज्याकडे बघायला लागली. चाळीस माणसं. मला हेच पायजे व्हतं ना, सगळ्यांनी माज्याकडे बघावं?

मी हात वर केला नाय. बोललो, चुकलं ते माजं. वायर मी काढायला लावली. त्या दिवशी लावायला मी सांगितलं नाय. मला म्याडमचा राग आलेला, म्हणून. नंदूचं काय नाय.

मागनं कोणी व्हय म्हाराजा बोललं नाय. 

मला वाटलं आता घरी बसवतील, आणि खरं सांगू, मला तेच बरं वाटलं असतं. पण तिनं सायबाला सांगितलं, या माणसाला काढलात तर फुडं कोणी खरं बोलणार नाही, आणि मला अशी वायर परत कधीच सापडणार नाही. कागदावर तिनं माणसाचं नाव लिवलंच नाय. लिवलं काय, तर वायर हातानं निघते हे चुकीचं, ती डबीत बंद करा. गाऱ्हाण्याच्या वेळी सगळी यंत्रं बंद. रोलरच्या मागं कोणी गुडघ्यावर बसायचं नाय, बसलाच तर एक माणूस नुसता बघायला. पगार कापला नाय, नंदू ऱ्हायला, मी ऱ्हायलो. आणि त्या चौकशीबद्दल तिला कंपनीनं ढाल दिली, फोटो काढला. मी मागल्या रांगेत. माज्या मनात काय आलं सांगू? आलं की खरं बोललो मी, आणि ढाल तिला. बघा म्हणजे, मेल्याबिगर जायची नाय ही खोड.

धोंडू आता झेंडा दाखवतो, लंगडतो थोडा. तीन महिन्यांनी तेच्या घरी गेलो, सगळं माज्या तोंडानं सांगितलं, तेच्या बायकोसमोर. ती आत गेली. मी बसून ऱ्हायलो. बऱ्याच वेळानं तांब्या घेऊन आली नि माज्या फुडं ठेवला. ते पाणी मला पावलं.

गाऱ्हाणं अजून मीच घालतो. म्याडमनंच सांगितलं, काका, माझे मुद्दे तुम्हीच बोला, तुमच्या तोंडून माणसांना लक्षात राहतात. म्हणून आता मी बोलतो, बा राखणदारा, आज रोलर वडापाशी चालणार हाय, कोणी मागं जाऊ नये. व्हय म्हाराजा. ज्याला बरं नाय तेनं आताच सांगावं. व्हय म्हाराजा. मंग नंदू रोलर चालू करतो, एकदा मागं घेतो, आणि हॉर्न वाजला की मंगच फावडं उचलायचं. तो पीं पीं ऐकल्याबिगर आता मला सुचत नाय.

पण गेल्या आठवड्यात कळलं, तिची बदली झाली, तिकडे आरे-वारेच्या समुद्राकडच्या रस्त्यावर. तिथं कोण मुकादम हाय मला ठाऊक नाय. नसला तर नेमतील. आठ वाजता तो तेची माणसं गोळा करील आणि ही फुडं येऊन विचारील, आज कोणाला बरं नाही? मला रातभर त्या माणसाचा हेवा वाटला. सुमन हसली, बोलली, आधी तिचा राग, आता तिच्या मुकादमाचा राग, तुमचं कसं व्हायचं? कसं व्हायचं म्हणजे काय, असंच.

आज सकाळी गाऱ्हाण्यात शेवटी एक ओळ मी हळूच घातली, कोणाला ऐकू जाऊ नये अशी. की बा राखणदारा, तुजी हद्द जिथं संपते तिथं समुद्राकडचा जो कोण राखणदार असंल तेला सांग, आमची बाय तुज्याकडे येतेय, तिची राखण कर. हळूच बोललो. पण धोंडू जवळच झेंडा घेऊन उभा व्हता, तेनं ऐकलं, आणि येवढ्या मोठ्यानं व्हय म्हाराजा वरडला की सगळी टोळी वरडली.