आधी तेल, मंग जाळ

(वाटूर फाट्यावरच्या गयाबाईंनी आपल्या भाचसुनेला सांगितलेलं)

ये, अशी जवळ सरक, दारात पाव्हण्यावाणी काय बसलीस, अन् तो मोबाईल ठिव बाजूला. मी दुखण्यानं पडले तवा तुझं फोनवर नुसतं काळजी घ्या मामी, काळजी घ्या मामी, जालन्याहून वाटूर काय काशी हाय का? अन् आता आलीस लिहून घ्यायला. लिही, पण माझ्या बोलीत लिही, पुस्तकातल्यावाणी गुळगुळीत करू नको, न्हाईतर लोक म्हणतील ही गयाबाई न्हाईच.

तर मी टेंभुर्णीची. माझी माय बाजाराच्या दिवशी मुरमुरे-फुटाणे विकायची, मी तिच्या मागं टोपलं घेऊन. शाळा दुसरीपस्तोर, पुढचं वाचणं मी भजे बांधायच्या रद्दीवर शिकले, काय सांगू तुला, आर्धी बातमी वाचून व्हायची तवर गिऱ्हाईक तीच घेऊन चाललेलं, त्याच्यामुळं जगातल्या निम्म्या गोष्टींचा शेवट मला अजून ठाव न्हाई. लगीन होऊन वाटूरला आले. घरात सासू, दीर, अन् थोरली जाऊ कौसाबाई. आमचे मालक ट्रकवर होते, ते लवकर गेले, मंग मी अन् कौसाबाईनं फाट्यावर टपरी टाकली, तिचा चहा अन् माझे भजे. इकडून जालना, तिकडून मंठा, खाली परतूर, तिन्हीकडची गाडी आमच्यापुढं थांबती. विलासचं शिक्षण, त्याचं लगीन, सगळं त्या कढईतून निघालं, म्हणून सांगते, ती कढई म्हंजी नुसती कढई न्हाई.

दुखणं कवा लागलं ते काही सांगता येत न्हाई बघ. अंगातली ताकदच कमी कमी होत गेली. केस गेले, आवाज घोगरा झाला, अन् थंडी अशी की भर उन्हाळ्यात मी भट्टीपुढं स्वेटर घालून उभी, ट्रकवाले हसायचे, म्हणायचे मावशी, आता एक कंबल पण आणू का. मी बी हसायचे, म्हणायचे आण, पण नवं आण. मंग एका डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं थायरॉईड हाय, पांढरी बारीक गोळी दिली, उठल्या उठल्या अनशापोटी घ्यायची अन् तासभर चहा न्हाई. मला! जिचा दिवसच उकळत्या चहाच्या वासानं उगवतो तिला! कौसाबाई मुद्दाम कप माझ्या नाकाखालून न्यायची अन् म्हणायची, गया, आज अद्रक जास्त पडलं वाटतं गं.

पह्यले आठ-पंधरा दिवस बरं वाटलं, मी म्हणले चला, सापडलं. अन् मंग उलटंच होऊन बसलं. उठले की डोळ्यापुढं काळं, पोटात मळमळ, भाकरीकडं बघू वाटंना, वजन उतरून चाललं. परत गेले तर डॉक्टर म्हणले गोळी कमी पडून राह्यली, वाढवू. वाढवली. जितकी गोळी वर गेली तितकी मी खाली गेले. शेजारीण म्हणली माझी बी हीच गोळी हाय, मला तर काही होत न्हाई, तूच मनानं खचलीस. आता मनाचं अन् मळमळीचं काय नातं गं?

अन् एक दिवस सकाळच्या गर्दीत घाणा काढता काढता सगळं फिरलं, झारा तेलात पडला अन् मी कढईवर पडत चालले. कौसाबाईनं माझी वेणी धरली, पदर न्हाई गं, वेणी, उरली होती तेवढी, अन् मागं वढलं. मी पडले ती बेसनाच्या परातीत. गिऱ्हाईक पळत आलं पाणी घेऊन, अन् ही बया म्हणती, तिच्यावर पाणी नका टाकू, तिचे भजे होतेन.

पण त्या दिवशी विलास जालन्याहून आला अन् म्हणला, आई, बस झालं. टपरी बंद. चाल माझ्याकडं, खाटेवर बस, सून भाकरी देईल. लेकरू चांगल्या मनानं म्हणलं, पण मला असं वाटलं की कुणी जित्तेपणी माझ्यावर चादर वढून राह्यलं. मी म्हणले मी येते, पण दवाखान्याला येते, खाटेवर बसायला न्हाई. मला काय झालंय ते आधी कळू दे. उभं राहता येणार नसंल तर मीच कढई पालथी घालीन, तू कोण सांगणार.

जालन्याला एका डॉक्टरीण बाईंना दाखवलं, वयानं तुझ्याएवढ्या. मी सकाळचा धंदा उरकून दुपारी गेल्ते, अर्धा दिवस कशाला बुडवा. त्यांनी मला निजवून बीपी बघितला, मंग उभं करून बघितला तर तो खाली उतरलेला, मंग मशीनकडं बघून परत एकदा बघितला. अन् विचारायला लागल्या, बाळंतपणात रक्त जास्त गेल्तं का? नंतर दूध आलं होतं का? पाळी परत आली का?

आता तूच सांग, शेजारी विलास बसलेला, मिशा आलेला बाप्या, त्याच्या म्होरं मी काय सांगू? मी म्हणले, न्हाई बाई, सगळं बराबर होतं. त्यांनी रक्त घेतलं. रिपोर्ट आला तो ना धड कमी ना धड पुरा. त्या म्हणल्या, मला कॉर्टिसॉल कमी असल्याचा संशय हाय, अंगाला उभं ठेवणारा रस असतो तो, ते अंगात पहाटंपासून सकाळी जास्त तयार होतं, दुपारी बघून काही ठरत न्हाई. सकाळी आठला या. तवर थायरॉईडची गोळी बंद ठेवा, अन् मधी उलट्या झाल्या, गरगरलं, तर वाट बघू नका, तसंच उचलून आणायला सांगा.

दोन दिवसांनी सकाळी टपरीचं फळकूट लावलं. आमच्या टपरीचं सकाळी बंद असणं म्हंजी लोकांना वाटलं कुणी गेलंच. विलास कामावर, म्हणून कौसाबाई संगं आली. एका दूधवाल्या जीपमधी बसून गेलो, रक्त दिलं, अन् डॉक्टरीण बाईनं परत तेच विचारलं. कौसाबाई म्हणली, अगं बोल की, तोंडात काय पीठ धरलंस? अन् मंग तीच सांगाय लागली.

बाई, हिच्या विलासच्या वेळी घरीच बाळंतपण, रक्त थांबंना, गोधड्या भिजल्या, ही पांढरी फटक पडली. आम्ही पाणी सोडलं होतं हिच्यावर. वाचली, पण दुधाचा थेंब आला न्हाई. माझी पोरगी तवा अंगावर पीत होती, मंग एका बाजूला ती अन् एका बाजूला हा, मीच पाजला त्याला. अन् हिची पाळी त्याच्यानंतर कवाच आली न्हाई, मलाच ठाव हाय, नदीवर आम्हीच दोघी धुणं धुवायचो ना.

डॉक्टरीण बाईनं पेन खाली ठेवला. मला म्हणल्या, आजी, माथ्याच्या आत हरभऱ्याएवढी एक गाठ असती, जन्माचीच, सगळ्यांना असती. अंगातल्या कामाचे हुकूम तिथून सुटतेत, दुधाचा, पाळीचा, थायरॉईडचा, अन् ह्या कॉर्टिसॉलचा बी. तवा इतकं रक्त गेलं की ती गाठ सुकली असंल. तपासण्या बाकी हायेत, पण मला तेच वाटतं. तुम्हाला दूध आलं न्हाई ते ह्याच्यामुळं.

तुला वाटंल मी रडले. मला राग आला गं. आमची सासू मरंपस्तोर म्हणायची, दगडाला पान्हा फुटंल पण हिला न्हाई, माया असती तर दूध आलं असतं. अन् मला बी तसंच वाटून राह्यलं होतं इतके वर्षं, की माझ्यातच काही कमी हाय, माय म्हणून. कुणी एकानं तवा म्हणलं असतं की ही दुखणाईत हाय! सासू तर गेली. मी कौसाबाईकडं बघितलं तर ती म्हणती, मला काय बघती, मी कवा काही म्हणले का? अन् खरंच, तिनं कवाच म्हणलं न्हाई.

सकाळचा रिपोर्ट बिलकुल खाली आला. मंग दुसरी गोळी सुरू केली, त्या कॉर्टिसॉलची, सकाळी उठल्यावर अन् दुपारी, अन् काही दिवसांनी थायरॉईडची परत, बारक्यापासून. मी विचारलं, तीच गोळी आधी मला का खात होती? त्यांनी पुष्कळ सांगितलं, मला माझ्या हिशोबानं असं कळलं, की थायरॉईडची गोळी म्हंजी जाळ, अन् ही नवी गोळी म्हंजी तेल. कढईत तेलच नसंल अन् तू जाळ मोठा केला तर काय होईल? कढई जळंल. आधी तेल, मंग जाळ. डॉक्टरीण बाई हसल्या, म्हणल्या हेच बाकीच्यांना सांगत जा.

विलासला कसं सांगावं ह्याचा मला घोर. एक दिवस जेवता जेवता सांगूनच टाकलं, की बाबा, तुला मी पाजलं न्हाई, कौसाबाईनं पाजलं. तो भाकरी मोडत म्हणला, आई, थोरलीनं मला हजारदा ऐकवलंय, माझ्या दुधावर वाढला अन् मलाच चहाचे पैसे देऊ लागला का म्हणून. आख्ख्या वाटूरला ठाव हाय. घ्या! मी एकलीच तोंड दाबून बसलेली.

पण टपरी बंद करायचं त्यानं धरूनच ठेवलं होतं. त्या दिवसांत भजे कौसाबाई तळायची, अन् काय भजे गं, एक भजं कुत्र्याला मारलं तर कुत्रं मरंल. गिऱ्हाईक तुटाय लागलं. मी विलासला म्हणले, महिनाभर मला बघ, चक्कर आली तर मीच सांगीन. पह्यले बसून कांदे चिरले, मंग पीठ कालवलं, मंग एक घाणा, मंग दोन. महिना झाला, मी पडले न्हाई. पुढच्या खेपेला येताना तो नवा झारा घेऊन आला.

आता लोक शहाणपण शिकवतेत. ते स्टिरॉईड हाय मावशी, हाडं ठिसूळ होतेत, सोडा. मी म्हणते, बाबा, लोक दुखण्यावर वरून घेतेत ते येगळं, माझ्या अंगात जे व्हायचं तेच होत न्हाई, तेवढंच मी भरून काढते, अन् ते एकदम सोडलं तर मी जाईन. ताप आला तर गोळी दुप्पट, उलटीत गोळी टिकली न्हाई तर सरळ दवाखाना अन् सुई, तसं डॉक्टरनं लिहून दिलेलं कार्ड माझ्या बटव्यात हाय. नवरात्रात मी नऊ दिवस निरंकार करायचे, ते सोडलं. पिंपळगावच्या रेणुकाईला जाऊन सांगून आले, आई, तुझ्यासाठी उपाशी राह्यले तर तुझ्याकडंच येईन, त्याच्यापेक्षा खाऊन इथंच तुझं नाव घेते. ती काही रागावली न्हाई.

कवा कवा थकवा येतोच, न्हाई म्हणत न्हाई. एखादं दुखणं येईल अन् मला गाठंल, ही भीती हाय. पण भीती घेऊन बी कांदा चिरता येतो. तू भाग्याची राहा पोरी, तुझ्या लेकराला कवा काही कमी पडू नये. अन् आता लिहिणं बंद कर. पुढच्या वेळी फोन नको करूस, तू ये, लेकराला घेऊन ये, पहाटच्या गाडीनं ये म्हंजी पह्यला घाणा सापडंल. जल्दी ये गं, मी उभी हायेच.