काठवट सुटली तो दिवस

काय सांगू तुम्हाले, माझं माहेर साखरखेर्ड्याचं, चौथी झाली अन् शाळा सुटली, मंग मलकापूरले खराद्याच्या घरी दिली. आमचे मालक मशीनवर लाकूड गरगर फिरवून, कोरून काठवटी करत, बाभळीच्या, भाकरीचं पीठ मळायच्या. मी भुसा झाडता झाडता पाहत राहायची, तर म्हणत, नुसती काऊन पाहून राह्यली, धर इकडं. असंच शिकली मी, धरता धरता.

ठोकळा मशीनवर पकडायची त्याइची रीत होती. लोखंडी चकतीवर एक फालतू लाकूड स्क्रूनं पक्कं करायचं, त्यावर काठवटीचा ठोकळा गोंदानं चिकटवायचा, अन् दोघाच्या मधात कागद. मी म्हटलं, कागद काऊन? म्हणे, काम झाल्यावर पटाशी लावून ठोकली का कागद मधातून फाटते, काठवट सुटते, बुडाले स्क्रूचं भोक राहत नाही. पण गोंद वाळल्याबिगर मशीन लावायची नाही, हे त्याइनं मले हज्जारदा सांगितलं, हज्जारदा.

मंग त्याइले लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मशीन मी चालवाले लागली. मालकाचे मोठे भाऊ, माझे भासरे, त्याइले ती जागा दरवाज्याच्या दुकानासाठी पाहिजे होती. तेवढ्यात एक हॉटेलवाला काठवटी घ्याले तयार झाला. भासरे मालकाले म्हणाले, हिनं त्याच्यासमोर एक काठवट करून दाखवावी, त्याले पसंत पडली तर मशीन राहू दे, नाही तर उचलतो.

हॉटेलवाला ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आला. ठोकळा मी नुकताच चिकटवला होता, गोंद अजून ओला. गोंद वाळेपर्यंत ठोकळा दाबून धरणारा शिकंजा भासऱ्याइनं सोडवला, चकती मशीनवर चढवली, म्हणे, चला, दाखवा. आता आमच्यात लहान भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही, लग्न झाल्यापासून मी एक शब्द बोलली नाही. मी पदर ओढला अन् खाटेकडं पाहून म्हटलं, अहो, दादाइले सांगा, गोंद ओला आहे. मालक काय सांगतील? डाव्या हातानं खाटेची पट्टी ठोकत राह्यले, ठोकत राह्यले. ऐकू तर सगळ्याइले आलं. भासरे हसले, भिंत बोलून राह्यली का काय बे, म्हणाले, अन् बटण दाबलं.

हत्यार घेतलं नसतं, तर हिले काम येतच नाही म्हटलं असतं. मी घेतलं. सुरुवातीले चाललं. मंग हत्यार काठाले टेकलं, तसा कागदावरून ठोकळा सरकला, माझ्या कानाजवळून गेला, भिंतीवर आपटून दोन तुकडे. हॉटेलवाला चपला घालत म्हणे, बाई वाचली हेच नशीब. भासरे मालकाले म्हणाले, पाह्यलं? हे बायकाइचं काम नाही.

मशीन भंगारात गेली. आता तिथं प्लायवुडचे दरवाजे उभे आहेत. भासरे वाईट नाहीत, मालकाच्या दवाखान्याचं तेच पाहतात, मी दाराआडून चहा देते. चांगलं होवो त्याइचं. मालकानं काठवटीसाठी वाळत ठेवलेले बाभळीचे ठोकळे मी आता चुलीत लावून राह्यली. ते खाटेवरून पाहतात. चांगले वाळले आहेत, धूर नाही होत.