वजीर दिला तो डाव

शेषराव : थांब पायल, हळू सांग. सुगतच्या घोड्यानं शह दिला, तुहा राजा कोपऱ्यात गेला. मग?

पायल : मग त्यानं वजीर दिला, काका. राजासमोरचं प्यादं मारलं त्यानं. मी वजीर मारला की त्याचा हत्ती या उभ्या पट्टीत येणार, शह, अन् मात. मी घड्याळ थांबवलं, हार मानून हात पुढं केला.

शेषराव : म्हंजे वजीर मारलाच नाही तू?

पायल : काय मारू? मात दिसत होती. बाजूच्या पटांवरचे लोकं उठून पाहायला आले होते.

शेषराव : हॉलच्या बाहेरूनच फोन केला त्यानं. ‘बाबा, वजीर देऊन जिंकलो!’ म्हणे. संध्याकाळच्या बसनं येणार होता, दोस्त चहाले थांबवून राहिले होते. मीच म्हटलं, चहा नंतर पे, भेटन त्या जीपनं ये, पटावर मांडून दाखव.

पायल : त्याच जीपनं...

शेषराव : हो. मूर्तिजापूरच्या अलीकडं उलटली. त्याच्या बॅगमधला चाली लिहिलेला कागद भेटलाच नाही, म्हणून तुह्याजवळचा मागतला. बरं, आता तुह्या बाजूनं मी खेळतो. राजानं वजीर मारला. हत्ती इथं आला, शह... पायल, हा उंट?

पायल : काका, राहू द्या नं.

शेषराव : हा तं पहिल्यापासून घरच्याच चौकोनात उभा हाय. पण वाट मोकळी हाय त्याची. थेट हत्तीवर.

पायल : हो.

शेषराव : उंटानं हत्ती मारला असता. मात गेली, वजीर तं आधीच गेला होता. हरला असता सुगत.

पायल : मले तिसऱ्या दिवशी दिसलं. उंट तिथं आहे, हेच विसरलो आम्ही दोघंही. म्हणून यायले पंधरा दिवस लागले मले. मी हात पुढं केला नसता, तर डाव चालू राहिला असता. ती जीप निघून गेली असती, काका.

शेषराव : तसं नको म्हणू, बेटा. जीपमध्ये तू नाही बसवलं त्याले.

पायल : तुम्ही तरी कुठं...

शेषराव : मी काय म्हटलं, मालूम हाय? त्याचा आवाज एवढा खूष, अन् मी म्हणतो, ‘वजीर दिला म्हंजे कुठंतरी चुकलाच असशीन. लवकर ये, चूक काढून देतो.’

(सुगतची आई जाईबाई आतून चहा घेऊन येतात.)

जाईबाई : घे पोरी. थंडा होईन. अन् तुमी हो, पंधरा दिवसांपासून तो पट मांडून बसले. सापडली का चूक?

शेषराव : नाही. चूक नाही. पोरगं बराबर खेळलं.

जाईबाई : हे त्याले फोनवर म्हणाचं होतं.