खिडकीतले तीन दिवे

ठण्ण — असा यायचा तो आवाज. नाय हो निकेशभाऊ, तुमच्या भोकं पाडायच्या मशीनसारखा घर्रघर्र नाय. मिठागरावर रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, मुकादम त्याच्यावर हातोडी मारायचा — ठण्ण! की सगळी माणसं फावडी टाकून बांधावर, भाकरीला. साठ वर्षं झाली, कानातून जात नाय. तुमची शिडी गजावर आपटली, म्हणून आठवलं. बसा ना. वायरीचं भोक काय, पाडता येईल. मी तसा बोलका माणूस नाय, पण आज काय झालंय कोण जाणे, हसूच येतंय सारखं.

हा डबा बघितलात? आत सिमकार्ड, मोबाईलात असतं तसं — समोरच्या टावरचं नेट धरतो नि साऱ्या घराला वाटतो. दीड वर्षामागं आमच्या गल्लीत वायर पोचली नव्हती, म्हणून माझ्या कुंदननं हा आणला. आणि ठेवला कुठं? माझ्या खिडकीत, खाटेच्या डोक्याशी. तीन दिवे लागतात, हिरवे — जेवढे दिवे जास्त, तेवढं नेट जोरात. आधी ह्या खोलीत कोण यायचं? जेवणाचं ताट यायचं, गोळी यायची. आता बघा संध्याकाळी! पलीकडं नेट अडतं, मग कुंदन कळंबोलीवरनं आला की बूट काढतो नि पहिला इथं, माझ्या पायाशी, क्रिकेट बघत. नात दिपिका कॉलेजातनं येते ती इथंच आडवी, पाय भिंतीला लावून. सूनबाय विनिता भाजी निवडायला इथं, मोबाईल तांब्याला टेकवून. वर मलाच सांगतात — आबा, जरा सरका! मी सरकतो. एवढा सरकतो की परवा पडलोच खाटेवरून — नाय नाय, लागलं नाय, सगळी हसली, मी पण हसलो, हसता हसता कवळी हातात! दसऱ्याला डब्याची पूजा केली मी. कोयता पूजतो, गाडी पूजतो, मग ह्यानं काय पाप केलंय? कुंकू त्याच्या भोकांत गेलं. दिपिका ओरडली, आबा, ते मशीन हाय! म्हटलं, मशीनच तर पूजतात गं.

तुमची वायर? चांगली असणार. दर खोलीत सारखंच पळेल, म्हणता? हां. तेच तर. दर खोलीत.

विनितानं बोलावलं तुमाला, ठाऊक हाय. तिचं काम फोनवरचं — दवाखान्याच्या वेळा देते लोकांना — नि मधेच आवाज तुटतो, लोक ओरडतात तिच्यावर. साहेब बोललाय, महिनाभर असंच चाललं तर काम सोडा. वाईट वाटतं हो. लय वाटतं. कारण — जरा जवळ या, ती कानावर ते टोपरं घालून बसलीय, तिला ऐकू जायचं नाय — कारण तिच्या टेबलावर पाच दिवे लागतात! पाच! मी बघितलं ना. ती माहेरी गेली होती चिरनेरला, घरात कोण नाय, मी डबा छातीशी धरून खोली खोली फिरलो, पिन खोचली, काढली, खोचली. तिच्या टेबलावर ठेवला — टप टप टप, पाच. तसाच उचलला नि इथं आणून ठेवला. बोललो नाय कोणाला. तुमच्या आधी दोन वायरवाले आले, त्यांना दारातनंच परत पाठवलं — ते पण मीच. हसता काय? हसा, हसा. ह्या वयात चोरी, नि ती पण स्वतःच्या घरात!

अरे, दिवे गेले की. तिन्ही गेले. आता तिकडं तिचा फोन तुटला असणार — तुमी दाराकडं काय बघता?

विनिता. कधीपासून उभी हायस, बाय? मी आपला ह्यांना चहाचं विचारत होतो. तू काम कर, जा... पिन का काढतेस? बरं, ने. ने, तुझ्या टेबलावरच ने, चुकलंच माझं. रागावलीस? निकेशभाऊ, तुमी तरी सांगा तिला — अगं, डबा घेतलास तो घेतलास, माझी उशी पण टेबलाकडं कशाला घेऊन चाललीस? विनिता —