आईला जपानी येतं

हसू नका, पण माझ्या आईला जपानी येतं. मागच्या महिन्यात ती नागपूरहून माझ्याकडे बंगळुरूला आली होती, मारतहळ्ळीच्या फ्लॅटवर. रविवारी मी एक जपानी ॲनिमे सिनेमा लावला. "तिशीचा झालास, अजून कार्टूनच बघतोस," असं म्हणत ती शेजारी मेथी निवडायला बसली. पण पडद्यावर कुणीतरी भाताच्या भांड्याचं झाकण उघडलं आणि तिचा हात थांबला.

"वाफ मात्र अगदी खरी काढलीय हं."

मग मेथी तशीच राहिली. शेवटी गाणं लागलं. त्यातली गायिका सारखी "आई, आई" करत होती. आईने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "बघ, एवढ्या लांबची पोरगी, गाण्यातसुद्धा आईला हाक मारते. तुझा आठवड्याला एक फोन येत नाही."

मी लगेच विद्वत्ता पाजळली. "अगं, ती आईला नाही बोलावत. जपानीत 'आई' म्हणजे प्रेम."

"मग मी वेगळं काय म्हणाले? लाव परत. आणि ती खालची इंग्रजी काढून टाक, मला कळतंय सगळं."