रायफलीची किल्ली

अमेरिकेतल्या बोझमनच्या विमानतळावर रायफलीची लांब पेटी काउंटरवर चढली, तशी रांगेत मागे उभी असलेली लोरीन आपली बॅग पुढे सरकवायची थांबली. एक म्हातारा पेटीच्या कुलपाशी झटत होता. शेजारी त्याची मुलगी उभी होती.

"कुलूपच बिघडलंय, मार्ला."

"बाबा, किल्ली उलटी धरलीय तुम्ही."

"उजेड कुठेय इथे?"

"हो ना, काळोखच आहे अगदी."

"टोमणे नकोत. शिकारीला नामिबियात चाललोय, तिथे लख्ख ऊन असतं."

"गेल्या मोसमात इथेही लख्ख ऊन होतं. तरी शेजाऱ्यांच्या गाईवर नेम धरलात."

"शिंगं होती तिला."

"बाबा!"

"झाडली का गोळी? नाही ना?"

"मी किंचाळले म्हणून!"

मुलीने कुलूप उघडलं. काउंटरवरची बाई पेटीत डोकावली.

"भरलेली नाही ना?"

"बोल्ट काढलाय, गोळी सुटणारच नाही. काडतुसं दुसऱ्या बॅगेत आहेत."

"ठीक. लावा कुलूप. किल्ली मात्र ज्याची रायफल त्याच्याच खिशात हवी, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. रायफल कुणाची?"

"बाबांची."

"हिची."

"बाबा, काहीतरीच काय!"

"घे किल्ली. आणि नीट ठेव, धांदरट आहेस."

"अहो, जन्मभर त्या कुडू हरणाचा ध्यास तुम्ही घेतलात. मी गोळी झाडायची, तर तुम्ही तिथे येऊन करणार काय?"

"वारा कुठून येतोय ते सांगीन. ते तुला अजून कळत नाही."