जागचं न हलणारं विरजण

बल्गेरियातल्या त्रन गावच्या थांब्यावर सोफिया शहराकडे जाणाऱ्या बसची वाट बघणाऱ्या वेस्काच्या पिशवीत दुकानातल्या दह्याचा डबा होता. शेजारच्या बाकावर एक आजी कॉलेजात शिकणाऱ्या नातीला पोचवायला आली होती.

"राल्या, काल तुझ्या सूक्ष्मदर्शकात विहिरीच्या पाण्यातले कसे धावत होते गं!"

"ते आदिजीव, आजी. चपलेच्या तळव्यासारखे. अंगभर बारीक केस, ते हलवत पोहतात. तोंडही असतं, समोर येईल ते गिळतात."

"आणि माझ्या दह्यातले?"

"ते जिवाणू. त्यांच्यापुढे अगदी चिमुकले. काही काड्या, काही मण्यांच्या माळा. तोंडच नाही, दुधातली साखर कातडीतून शोषतात."

"पण जागचे हलत नव्हते!"

"काही जिवाणूंना शेपटी असते, ते पळतात. दह्यातले बैठे."

"अगदी तुझे आजोबा."

"आजी!"

"पण मला वाटलं, मेले सगळे. सकाळी भांडंभर डुकरांपुढे ओतलं गं!"

"काय? तुझ्या सासूबाईंचं विरजण? संत गेओर्गीच्या सणाच्या पहाटेचं दव घालून लावलेलं?"

"तेच. तुझ्या पिशवीत कालच बरणी भरली होती, तेवढी वाचली."

"मग ही तू घरी ने."

"अर्धी तुला, अर्धी मला. आण इकडे."

वेस्कानं घाईघाईनं डब्यातलं दही संपवलं, डबा रुमालानं लख्ख पुसला आणि पुढे केला.

"आजी, विरजणापुरतं एक चमचा मला द्याल?"

"घे बाई. पण बसमध्ये मांडीवर धर. आमच्या ह्यांना गदागदा हलवलेलं मुळीच खपत नाही."